मेसेज वॉज मिसअंडरस्टूड: चेंगडूच्या ताईबरोबर इंग्रजीचा रियाज

हेडफोन लावलेत ना? आज टेक्नॉलॉजी थोडी बाजूला ठेवू. म्हणजे, सुरुवात सर्व्हर पडण्यापासूनच होते, पण पुढचं सगळं इंग्रजीबद्दल आहे. आणि तेही आपल्या नाही, चिनी माणसाच्या इंग्रजीबद्दल.

माझ्या टीमचा एक भाग चीनमध्ये, चेंगडूला बसतो. तिथली एक सिनियर इंजिनिअर आहे. नाव सांगत नाही. तिच्या ऑफिसात ज्युनियर पोरं तिला ‘जिए’ म्हणतात, म्हणजे ताई. म्हणून आपणही ताईच म्हणू.

तर एका शुक्रवारी ताईचा मेसेज आला: ‘आय रन डेटाबेस स्क्रिप्ट, देन यू डिप्लॉय.’ मी वाचलं: स्क्रिप्ट चालवून झाली, आता तू डिप्लॉय कर. केलं. नवा कोड डेटाबेसमध्ये एक कॉलम शोधायला गेला आणि तो कॉलम तिथे नव्हताच. कारण ताईचं म्हणणं होतं: आधी मी स्क्रिप्ट चालवते, मग तू डिप्लॉय कर. पाऊण तास सगळं बंद. नंतर रिपोर्ट लिहिला गेला, कारण म्हणून ‘रिमोट टीमची भाषेची अडचण’ असं पडलं. रिपोर्ट लिहिणारा मीच होतो. ते वाक्य मॅनेजरने सुचवलं आणि मी गप्प बसलो.

मी सांगली जिल्ह्यातल्या मराठी शाळेतला. बीटेकच्या पहिल्या वर्षी व्हायव्हामध्ये उत्तर येत असून तोंड उघडलं नाही, असं माझंही झालंय. तरी गप्प बसलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी गुरुजी असल्यासारखा वाटेन.

दोनेक आठवड्यांनी ताईनेच विचारलं, रोज अर्धा तास माझ्याशी इंग्रजी बोलशील का? आपले संध्याकाळचे ६, तिच्याकडचे साडेआठ. मला वाटलं हिला बेसिकपासून शिकवावं लागणार. पहिल्याच दिवशी जमिनीवर आलो. चीनमध्ये बहुतेक ठिकाणी बारावीनंतरची जी मोठी परीक्षा असते, गावखाव, तिच्या ७५० पैकी १५० मार्क इंग्रजीचे. पुढे कॉलेजमध्ये इंग्रजीची वेगळी देशव्यापी परीक्षा, ती १९८७ पासून चालू आहे. ताई दोन्ही पास. तिला असे असे शब्द येतात की मला डिक्शनरी उघडावी लागते. तिकडे एक जोक आहे: शब्दांच्या यादीतला पहिला शब्द ‘अबॅन्डन’, म्हणजे सोडून देणे, आणि पोरं तिथेच अभ्यास सोडून देतात. आणि अशा इंग्रजीला, जी कागदावर येते पण तोंडातून निघत नाही, त्यांच्याकडे म्हणतात ‘मुकी इंग्रजी’. मला हा शब्द ऐकून गलबलून आलं, खरंच. आपल्याकडे आजार तोच आहे, नाव नाहीये.

मग तो मेसेज तसा का लिहिला गेला? चिनीत क्रियापद बदलतच नाही. काल, आज, उद्या, ‘जाणे’ एकच. काल म्हटलं की काल कळलंच, परत क्रियापदाला कशाला त्रास? काम पार पडलं असेल तर मागे एक छोटासा ‘ल’ लागतो. ताईच्या डोक्यातल्या वाक्यात तो ‘ल’ नव्हता. म्हणजे तिच्या भाषेत तिने अगदी स्पष्ट सांगितलं होतं की अजून झालेलं नाही. फक्त ते इंग्रजीत उतरताना गळालं. मी तिला सांगितलं की आमच्याकडे मी ‘गेलो’ म्हणतो आणि तू ‘गेले’ म्हणशील, तर ती दोन मिनिटं हसत होती. बोलणारा पुरुष की बाई हे क्रियापदाला कसं कळतं म्हणे!

दुसरं एक कारण मला उशिरा कळलं. चिनी अक्षराच्या शेवटी व्यंजन म्हणजे जवळपास फक्त ‘न’ आणि ‘ङ’. आता ‘वर्क्ड’ म्हणा. शेवटी क आणि ट चिकटलेले. तो ट तोंडातून निघतच नाही, म्हणून कानालाही सापडत नाही, म्हणून लिहितानाही सुटतो. म्हणजे नुसतं व्याकरण घोकून उपयोग नव्हता. आम्ही काय केलं, रोज पाच वाक्यं. दोन झालेल्या कामांची, एक चालू असलेल्या, दोन उद्याच्या. आधी मोठ्याने बोलायची, मग टाइप करायची. शेवटचा ट ऐकू आला नाही की मी म्हणायचो, ‘झालं की व्हायचंय?’ बस, एवढाच प्रश्न. महिन्याभरात ती स्वतःच थांबून दुरुस्त करायला लागली.

‘ही’ आणि ‘शी’चा घोळ मात्र अजून होतो. बोलण्यात त्यांच्याकडे तो, ती, ते सगळ्यांना एकच उच्चार: ‘था’. लिहिताना वेगळं चिन्ह आहे, पण ‘ती’साठीचं चिन्ह रुळलं तेसुद्धा १९२० च्या सुमारास, ल्यू बान्नोंग या लेखकाने आग्रह धरल्यावर. त्यामुळे आमच्या मॅनेजर मॅडम मीटिंगमध्ये अधूनमधून ‘ही’ होतात. मॅडमना आता सवय झालीये.

आता खरी मजा. मी तिच्या चुका शोधायला बसलो आणि निम्म्या माझ्या निघाल्या. चिनीत ‘जरी’ आलं की ‘पण’ येतंच, जोडीने. म्हणून ती लिहायची, ‘ऑल्दो इट इज स्लो, बट इट वर्क्स.’ मी म्हटलं, बट काढ. मग माझे जुने ईमेल उघडले. चार ठिकाणी ऑल्दो आणि बट एकत्र. आपलं ‘जरी... तरी’ ना! ती म्हणते ‘ईट मेडिसिन’, कारण चिनीत औषध खातात. आपण गोळी खात नाही तर काय करतो? ‘अ’ आणि ‘द’चं तर विचारूच नका. चिनीत नाही, मराठीतही नाही. तिने विचारलं, तू कसं ठरवतोस? मी म्हणालो, अंदाजाने. शेवटी एक कामचलाऊ प्रश्न सापडला: समोरच्याला कुठला ते माहीत आहे का? ‘रीस्टार्ट अ सर्व्हर’ म्हणजे कुठलाही एक. ‘रीस्टार्ट द सर्व्हर’ म्हणजे तोच, ज्याबद्दल आपण बोलतोय. नियमाला अपवाद ढीगभर आहेत, पण सर्व्हरच्या बाबतीत एवढा फरक कळला तरी नोकरी टिकते.

आकड्यांचंही तसंच. त्यांच्याकडे दहा हजाराचं एकक आहे, ‘वान’. ‘वन पॉइंट टू मिलियन’ म्हटलं की ती मनात १२० वान करणार, मी १२ लाख, आणि दोघंही दोन सेकंद छताकडे बघणार. आता आम्ही आकडे बोलत नाही, सरळ टाइप करतो.

वाचनावर सगळ्यात जास्त वेळ गेला. लांब वाक्य आलं की ताई अडकायची. एक उदाहरण सांगतो: ‘द फाइल दॅट द टूल वी इन्स्टॉल्ड यस्टरडे क्रिएटेड इज एम्प्टी.’ शब्द सगळे सोपे, पण डोकं गरगरतं. आता मराठीत ऐका: ‘काल आपण इन्स्टॉल केलेल्या टूलने तयार केलेली फाइल रिकामी आहे.’ सरळ ना? मी ताईला तेच चिनीत बोलायला लावलं आणि शब्दाला शब्द समजावून घेतला. क्रम जवळपास आपलाच! आपण, काल, इन्स्टॉल केलेलं टूल, त्याने तयार केलेली फाइल, रिकामी. वर्णन आधी, वस्तू नंतर. इंग्रजीत उलटं, वस्तू आधी आणि वर्णनाची शेपटी मागे. मग आम्ही पद्धत ठरवली. आधी वाक्याचं मुख्य क्रियापद शोधायचं, इथे ‘इज’. मग कोण, तर फाइल. मधलं सगळं पेन्सिलने कंसात टाकायचं आणि नंतर वाचायचं. हे मी तिला शिकवलं म्हणतो, पण स्वतः आत्ता आत्ता करायला लागलोय.

शब्दांचं थोडक्यात: तिला ‘इन्व्हेस्टिगेट’ येतं, ‘लुक इन्टू’ अडतं. यादीत एका शब्दापुढे एक अर्थ पाठ केला की असे छोट्या शब्दांचे जोड सुटतात. म्हणून आम्ही याद्या बंद केल्या आणि ऑफिसच्या चॅटमधलीच आख्खी वाक्यं उचलली.

सहाव्या महिन्यात, वाचायला काय घ्यायचं हे ठरवायची पाळी तिची होती. तिने त्या शुक्रवारचा रिपोर्ट उघडला. माझ्या पोटात गोळा आला. तिने शांतपणे मोठ्याने वाचलं, सगळे ट आणि ड जागेवर. एका वाक्यावर थांबली: ‘द मेसेज वॉज मिसअंडरस्टूड.’ म्हणाली, मुख्य क्रियापद सापडलं. पण करणारा सापडत नाही. कोणाकडून?

मी म्हणालो, माझ्याकडून. मग बाकीचंही सांगितलं, ‘भाषेची अडचण’ हे वाक्य कसं आलं ते. ती म्हणाली, तिच्या त्या वर्षीच्या रिव्ह्यूमध्ये तेच शब्द आले होते, कम्युनिकेशनला कमी मार्क पडले होते, आणि ते कुठून आले हे तिला आत्ता कळलं. रागावली नाही. किंवा रागावली असेल, कॅमेरा बंद होता. त्या दिवशी कॉल लवकर संपला.

रात्री मी मॅनेजरना मेल केला, रिपोर्ट दुरुस्त करतोय म्हणून कळवलं आणि वाक्य बदललं. कर्ता पुढे आणला: ‘आय मिसअंडरस्टूड मेसेज अँड डिप्लॉईड विदाउट चेकिंग.’ भाषेच्या अडचणीची ओळ काढून टाकली. रिव्ह्यूचे मार्क काही परत आले नाहीत, ते वर्ष गेलं ते गेलंच.

सकाळी बघतो तर त्या ओळीवर ताईची कमेंट. ‘मेसेज’च्या आधी बाण काढलेला, आणि एकच शब्द: ‘द’.

आज संध्याकाळी ६ ला कॉल आहे. चला, भेटू पुढच्या भागात.