यंत्राचा धनी कोण?



भाषेच्या अध्यापकाने मोबाइल फोनवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु मला ‘मालकी’ या शब्दाच्या अर्थाविषयी बोलावयाचे आहे. पैसे मोजून घेतलेल्या फोनचा धनी कोण? घेणारा, की ज्या कंपनीच्या जाळ्यावर तो चालतो ती? अमेरिकेत हा वाद फार जुना आहे.

तेथे बेल कंपनीच्या दूरध्वनीला बाहेरची वस्तू जोडण्यास मनाई असे. ‘हश-अ-फोन’ नावाचे साधे मुखपात्र बसविले, की बोलणे शेजाऱ्याच्या कानी जात नसे. त्यात ना वीज होती ना तार. तरी कंपनीने हरकत घेतली आणि सरकारी आयोगाने तिचीच बाजू उचलून धरली. १९५६ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरविला. इतरांना अपाय होत नसेल, तर ग्राहकाने आपल्या सोयीने दूरध्वनी वापरावा, असा त्याचा आशय होता. पुढे १९६८ मध्ये, टेक्सासच्या थॉमस कार्टर यांनी रेडिओ-संच दूरध्वनीशी जोडण्यासाठी केलेल्या ‘कार्टरफोन’च्या प्रकरणात आयोगानेही हेच तत्त्व मान्य केले. इतरांनी बनविलेली फॅक्स यंत्रे व मोडेम यांना त्यातूनच वाट मिळाली.

तार गेली, बिनतारी फोन आला, आणि सुटलेली गाठ पुन्हा बसली. २००७ मध्ये आयफोन तेथे विक्रीस आला, तो एटी अँड टी या एकाच कंपनीशी बांधलेला. २०१२ मध्ये त्या कंपनीने मोबाइल जाळ्यावरील ‘फेसटाइम’, म्हणजे समोरासमोर पाहत बोलण्याची सोय, प्रथम ठरावीक योजनेच्या ग्राहकांपुरतीच ठेवली. फोनच्या अंगी ती कला होती. परवानगी तेवढी नव्हती. फोनवरील इंटरनेट संगणकाला पुरविणारी ॲप्स अडविल्याबद्दल व्हेरायझन कंपनीची चौकशी झाली. ग्राहकाची उपकरणे व ॲप्स अडवावयाची नाहीत, या अटीवरच तिने लहरींचा एक पट्टा घेतला होता. २०१२ मध्ये साडेबारा लाख डॉलर भरून तिने ते प्रकरण मिटविले. २०१३ च्या आरंभी तर कंपनीच्या संमतीवाचून नव्या फोनचे कुलूप काढणेही बेकायदा ठरले. ती मुभा परत मिळण्यास २०१४ चा कायदा व्हावा लागला.

कंपन्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हे. लहरी मर्यादित आहेत. एकाच्या उधळपट्टीने दुसऱ्याची अडचण होते. शिवाय फोन सवलतीत दिला, तर दिलेले पैसे वसूल व्हावयास हवेत. परंतु किती वापरले याचा हिशेब ठेवणे वेगळे, आणि कशासाठी वापरावे हे ठरविणे वेगळे. पहिला व्यवहार झाला, दुसरी सत्ता. आपल्याकडेही ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, इंटरनेटवर काय पाहिले यावरून वेगवेगळे दर लावण्यास मनाई केली, तिच्या मुळाशी हाच विवेक आहे.

शाळा मुलाच्या हाती लेखणी देते, तेव्हा त्याने काय लिहावे हे शाईचा दुकानदार ठरवीत नाही. आज त्या लेखणीची पुष्कळशी कामे फोन करतो. म्हणून हा प्रश्न तंत्रज्ञांवर सोपवून आपल्याला स्वस्थ बसता येणार नाही. ज्या गुरुजींच्या स्मृतीस हे व्याख्यान वाहिले आहे, त्यांचा वारसा सांगणाऱ्या आपण सर्वांनी ‘हे कोणाच्या परवानगीने?’ असे विचारण्याची सवय सोडू नये, एवढीच विनंती करून आपली रजा घेतो.