अनेकांचे एक मन?
(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा सारांश)



विज्ञानकथांतील परग्रहवासी पुष्कळदा असे रंगवलेले असतात, की देह हजारो, मन मात्र एकच. असा समूह पाहण्यासाठी अंतराळात जाण्याचे कारण नाही. बंगळुरातील भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. राघवेंद्र गदगकर व त्यांचे सहकारी यांनी कागदासारखी घरटी बांधणाऱ्या ‘रोपालिडिया मार्जिनाटा’ या गांधीलमाशीचा अनेक दशके अभ्यास केला आहे.

या वसाहतीची राणी शांत असते. ती कोणावर हुकूम गाजवीत नाही. तिला दूर करताच मात्र काही मिनिटांत एक कामकरी माशी विलक्षण आक्रमक होते आणि सुमारे आठवड्याने अंडी घालू लागते. इतर माश्या तिला आव्हान देत नाहीत. वारस कोण, हे निरीक्षकाला आधी ओळखता येत नाही; माश्यांना मात्र ते ठाऊक असावे, असे प्रयोग सुचवतात.

मग हे एकच मन म्हणावे काय? उत्तर अभ्यासाच्या पद्धतीतच आहे. संशोधकांनी प्रत्येक माशीवर रंगाचे निराळे ठिपके दिले, एकेकीच्या हालचाली टिपल्या, तेव्हा कोठे समूह उमगला. जे एकमुखी भासत होते, ते अनेकींच्या परस्परव्यवहारातून घडत होते.

शाळेचेही असेच आहे. प्रार्थना एका सुरात होते. हजेरी मात्र एकेका नावाने घेतली जाते. साठ वर्षे शाळा एकसंध राहते, ती त्या प्रत्येक नावाला ‘हजर’ म्हणणारा निराळा आवाज ऐकला जातो म्हणूनच.