रोजचा पंप रोजच घ्या

(शाखेच्या सर्वसाधारण सभेत सेक्रेटरींनी केलेले भाषण)



रोस्टर, बढती, थकबाकी आणि क्वार्टर्सची गळती हे आपल्या सभेचे नेहमीचे विषय. आज आम्ही श्वासाविषयी बोलणार आहोत. हा विषय डॉक्टरांचा, युनियनने त्यात कशाला पडायचे, असे कोणी म्हणेल. पण खडी चाळताना उडणारी धूळ, मालधक्क्यावर सिमेंट उतरवताना उठणारा लोट आणि वर्कशॉपमधला वेल्डिंगचा धूर आपल्या छातीत जातो तो ड्युटीच्या तासांत. त्यात घरी चुलीचा धूर आणि खिशात बिडीचे बंडल असले की भर पडते. पन्नाशीच्या आसपास पादचारी पुलाचा जिना चढताना धाप लागते, सकाळी खोकून खोकून बेडका पडतो आणि माणूस म्हणतो, "वय झाले." ते वय नसते, बहुतेक वेळा आजार असतो.

डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात. यात श्वासनलिका सुजून अरुंद होतात आणि फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या झिजतात. दम्यात आकसलेल्या नळ्या बऱ्याच अंशी पुन्हा मोकळ्या होतात. या आजारात त्या पूर्ण मोकळ्या होत नाहीत. गेलेली ताकद परत येत नाही, पण उरलेली राखता येते. निदानासाठी नळीत जोराने फुंकण्याची स्पायरोमेट्री नावाची तपासणी असते. नुसत्या एक्स-रेवर समाधान मानू नका, ही तपासणी मागून घ्या.

आता मुद्द्याचे. या आजारात पंप दोन प्रकारचे असतात आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. एक पंप तात्पुरत्या आरामाचा. त्यात बहुधा सालब्युटामॉल असते, काही मिनिटांत श्वास मोकळा होतो, आणि त्याचा असर चार-सहा तासांत ओसरतो. दुसरा पंप रोजचा. तो दिवसातून एकदा किंवा दोनदा, डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणे, त्रास असो वा नसो, घ्यायचा असतो. त्यात टायोट्रोपियम, फॉर्मोटेरॉल किंवा सॅल्मेटेरॉल यांसारखी लांब असराची औषधे असतात. काहींना त्याबरोबर स्टिरॉइडही दिलेले असते.

रेल्वेच्या माणसाला हा फरक समजायला वेळ लागू नये. अपघात मदत गाडी यार्डात सज्ज उभी असते, म्हणून कोणी गँगचे रोजचे काम बंद करीत नाही. रूळ ठीक दिसतो तो रोज हात फिरतो म्हणूनच. रोजचा पंप म्हणजे गँगचे काम आणि आरामाचा पंप म्हणजे मदत गाडी. आमचे कित्येक साथी महिनाभर पंप घेतात, बरे वाटले की बंद करतात, आणि पावसाळ्यात किंवा थंडीत छाती भरली की थेट इस्पितळात भरती होतात. असा प्रत्येक झटका फुप्फुसाची थोडी ताकद घेऊन जातो. उलट, एकदम धाप लागली म्हणून रोजचाच पंप पुन्हा पुन्हा मारणेही धोक्याचे. त्याने छातीत धडधड वाढते. एखादी मात्रा चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका.

"पंपाची सवय लागते, गोळी बरी," असे म्हणणारे पुष्कळ आहेत. हिशेब करून पाहा. सालब्युटामॉलची ४ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम औषध पोटातून रक्तात जाऊन सगळ्या अंगभर फिरते. पंपाच्या एका दाबात असते १०० मायक्रोग्रॅम, आणि ते थेट छातीत पोचते. पंप हे व्यसन नाही. व्यसन बिडीचे आहे, आणि ती सुटल्याशिवाय कोणताही पंप पुरा पडणार नाही.

आता घेण्याची रीत. दाबून फवारा मारायचा पंप असेल तर झाकण काढा, तोंडात काही अडकले नाही ना ते पाहा आणि पंप नीट हलवा. पंप नवा असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर आधी हवेत फवारा मारून पाहा. श्वास पूर्ण बाहेर सोडा, ओठ घट्ट मिटा, हळू आणि खोल श्वास घ्यायला सुरुवात करतानाच एकदा दाबा. मग दहापर्यंत मोजत श्वास धरून ठेवा. दुसरा फवारा हवा असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून. दाबणे आणि ओढणे यांचा मेळ बसत नसेल तर स्पेसर मागा.

कॅप्सूलच्या भुकटीचा पंप असेल तर उलटे आहे. तिथे श्वास जोरात आणि खोल ओढायचा. पंपात फुंकर मारायची नाही, ओलाव्याने भुकटी चिकटते. ओढून झाल्यावर कॅप्सूल उघडून पाहा. भुकटी उरली असेल तर पुन्हा ओढा. आणि ही कॅप्सूल गिळायची नसते. पाण्याबरोबर गिळणारे साथी आम्ही पाहिले आहेत.

पंपात स्टिरॉइड असेल तर नंतर चूळ भरून, गुळण्या करून पाणी थुंकून टाका; नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते, आवाज बसतो. शिफ्ट बदलते म्हणून वेळ विसरत असेल तर पंप दात घासण्याशी जोडा. पंप आधी, दात नंतर. चूळही आपोआप भरली जाते. काचबिंदू असेल, लघवी अडत असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. फवाऱ्याचा पंप उन्हात तापणाऱ्या पेटीत ठेवू नका, कॅप्सूल घेण्याच्या वेळेलाच पाकिटातून काढा.

बेडक्याचा रंग पिवळा-हिरवा झाला, ताप आला किंवा आरामाचा पंप रोजच्यापेक्षा जास्त लागू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एक वाक्य पुरे बोलवत नसेल, ओठ निळे पडत असतील किंवा माणूस बरळू लागला, तर वाट न पाहता इस्पितळ.

शेवटी युनियनचे काम. आमचे अनेक साथी पंप डब्याच्या पिशवीत लपवून ठेवतात. साहेबाला कळले तर मेडिकलला पाठवतील, कॅटेगरी जाईल, ही भीती. ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. पण रेल्वे आस्थापना नियमावलीच्या तेराव्या प्रकरणात वैद्यकीय कारणाने अपात्र ठरलेल्या कर्मचाऱ्याला पर्यायी काम देण्याची तरतूद आहे. ती लढून मिळवून देणे हे युनियनचे काम. लपवलेला पंप वेळेवर घेतला जात नाही, आणि न घेतलेल्या पंपापायी नोकरी लवकर जाते. म्हणून लपवू नका, आमच्याकडे या.

आमच्या मागण्या साध्या आहेत. रोजचा पंप महिन्याच्या महिन्याला, खंड न पडता मिळावा. स्टॉक बदलला की फवाऱ्याऐवजी भुकटीचा पंप हातात ठेवला जातो आणि कसा घ्यायचा हे कोणी सांगत नाही. पंप बदलला की खिडकीवरच रीत करून दाखवावी. धुळीच्या ठिकाणी पाणी मारावे, चांगले मास्क द्यावेत. नियतकालिक तपासणीत या कामगारांची स्पायरोमेट्री व्हावी. डॉक्टरांच्या सल्ल्याने मिळणाऱ्या फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी रुग्णांना मिळाव्यात.

हे सगळे आम्ही प्रशासनाकडे मांडू. पण दात घासण्याआधीचे ते एक मिनिट प्रशासन देणार नाही, युनियनही देऊ शकत नाही. ते तुमचे तुम्हालाच द्यायचे आहे. सभा संपल्यावर पंप असणाऱ्यांनी थांबावे. कंपाउंडर भाऊ आले आहेत, प्रत्येकाने आपली रीत त्यांना करून दाखवावी.

कामगार एकजुटीचा विजय असो!