जुनी मोटार आणि तिचें इंजिन



नवी मोटार घेणाऱ्यास पैसा लागतो. जुनी घेणाऱ्यास पैशाबरोबर पारखहि लागते. मध्यम स्थितींतलें एखादें कुटुंब कांहीं वर्षांची शिल्लक एकत्र करून आल्टो, वॅगन-आर, सँट्रो किंवा स्विफ्ट यांसारखी वापरलेली लहान गाडी घेऊं पाहतें, तेव्हां त्या शिल्लकेचें भवितव्य ज्या एका वस्तूवर अवलंबून असतें ती बॉनेटखालीं झांकलेली असते. रंग उडाला तर पुन्हां देतां येतो, गाद्या फाटल्या तर नव्या शिवतां येतात. पण इंजिन खोलून बांधावें लागलें तर तो खर्च जुन्या लहान गाडीच्या बाबतींत कधीं कधीं तिच्या किंमतीच्या आसपास जातो. असें असून गिऱ्हाईक पाहतें तें रंग आणि गाद्या, आणि विकणारा सजवितो तेंहि रंग आणि गाद्याच. म्हणून आज मी केवळ इंजिनाविषयीं बोलणार आहें.

गाडी पाहावयास सकाळीं जावें, आणि आदल्या दिवशींच विकणाऱ्यास निरोप द्यावा कीं, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करूं नका. पोंचल्यावर प्रथम बॉनेटवर तळहात ठेवावा. पत्रा कोमट लागला तर ‘आतांच बाजूला घेतली’, ‘मुलगा दूध आणावयास गेला होता’ अशीं उत्तरें मिळतात. तीं खरींहि असतील. आपण मात्र चहा घेऊन परतावें आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां यावें. प्रश्नपत्रिका आदल्या रात्रीं हातीं पडलेल्या मुलाची परीक्षा घेऊन जितका बोध होतो, तितकाच आधीं तापवून ठेवलेल्या इंजिनाची परीक्षा घेऊन होतो.

याचें कारण साधें आहे. रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनांतलें बरेंचसें तेल वरच्या भागांतून निथळून तळाच्या चेंबरमध्यें उतरलेलें असतें. धातु थंड असल्यामुळें पिस्टन व सिलिंडर यांच्यामधली फट त्या वेळीं सर्वांत मोठी असते. झीज झालेली असेल तर पिस्टन भिंतीवर आपटल्याचा आवाज तेव्हांच ऐकूं येतो. झडपांच्या दांड्यांवरचीं रबरी सीलें कडक झालीं असतील तर रात्रभरांत थोडें तेल खालीं पाझरून बसलेलें असतें. बॅटरी अशक्त असेल तर तीहि याच वेळीं कण्हते. म्हणजे किल्ली फिरविल्यापासून पहिलें अर्धें मिनिट हें सबंध परीक्षेंतलें सर्वांत मोलाचें असतें. दहा मिनिटांनीं तेंच इंजिन शहाण्या मुलासारखें वागूं लागतें आणि मग पुष्कळशा व्याधि झांकल्या जातात.

त्या अर्ध्या मिनिटांत एकानें गाडींत बसावें व दुसऱ्यानें सायलेन्सरच्या मागें उभें राहावें. सुरू होतांना निळसर धुराचा एक लोट येऊन थांबला तर झडपांच्या सीलांवर संशय घ्यावा. गाडी चालत असतां, वेग वाढवितांना निळा धूर सतत येत असेल तर पिस्टनाच्या रिंगा झिजलेल्या असण्याचा संभव अधिक, आणि तें दुखणें महाग. काळा धूर म्हणजे पेट्रोल प्रमाणाबाहेर जळत आहे. पेट्रोलच्या गाडींत तें पुष्कळदां थोड्या खर्चांत सुधारतें. पांढऱ्या धुराविषयीं मात्र लोक उगीच घाबरतात. एक लिटर पेट्रोल जळलें कीं सुमारें एक लिटर पाणी तयार होतें, आणि नाशिकच्या पौषांतल्या सकाळीं तें वाफेच्या रूपानें दिसणारच. इंजिन तापल्यावर तें नाहींसें झालें पाहिजे. पंधरा मिनिटांनींहि पांढरे ढग येत राहिले, व त्यांना गोडसर वास असला, तर सिलिंडरांत कूलंट शिरत आहे असें समजावें आणि नमस्कार करून निघावें.

येथें स्वभाव आणि रोग यांतला भेद ओळखावा लागतो. १९८३ च्या डिसेंबरांत रस्त्यावर आलेल्या आणि २०१४ च्या जानेवारींत ज्याचें उत्पादन थांबलें त्या मारुती ८०० चें इंजिन ७९६ घनसेंटिमीटरचें व तीन सिलिंडरांचें होतें. आल्टोचें व तिच्या के-१० या ९९८ घनसेंटिमीटरच्या भावंडाचेंहि तीनच सिलिंडरांचें. सँट्रोचें चार सिलिंडरांचें. मिनिटास ८०० फेरे घेत उभें असलेलें तीन सिलिंडरांचें इंजिन त्या मिनिटांत १२०० वेळां पेटतें, तर चार सिलिंडरांचें १६०० वेळां. पहिल्याच्या ठोक्यांत अंतर अधिक, म्हणून तें अंगानें थोडें थरथरतें. चार सिलिंडरांच्या गाडीची संवय असलेला मनुष्य आल्टोंत बसून ‘इंजिन गेलें’ म्हणतो, तें बरोबर नाहीं. ती थरथर नियमित असते. मध्येंच एखादा ठोका चुकत असेल, लंगडणाऱ्या माणसाच्या पावलासारखा, तर तो रोग.

आतां तेल. इंजिन बंद करून, गाडी सपाट जागीं असतां, मोजपट्टी काढावी. तेल दोन खुणांच्या मध्यें असावें. तें काळें दिसलें म्हणून गाडी वाईट ठरत नाहीं. काम करणारें तेल काळवंडतेंच. उलट, जुन्या गाडींत मधासारखें स्वच्छ तेल दिसलें तर तें कालच कां बदललें, हा प्रश्न विचारावा. दोन बोटांत चोळून पाहावें. कण लागतां कामा नयेत. काकवीसारखें घट्ट तेल घालून आंतला आवाज दाबण्याची युक्ति बाजारांत जुनी आहे. मग तेल भरावयाचें झांकण उघडून त्याच्या आंतल्या बाजूस बोट फिरवावें. दुधाच्या कॉफीच्या रंगाचा चिकटा तेथें सांपडला तर तेलांत पाणी मिसळलें आहे.

परंतु या चिकट्याचीहि चौकशी करावी लागते. माझा एक जुना विद्यार्थी आज गॅरेज चालवितो. त्याच्याकडे एका वृद्ध दंपतीची बारा वर्षांची गाडी आली होती. धांवली होती अवघी २२ हजार किलोमीटर. झांकणाखालीं पातळसा कॉफीरंगी थर होता आणि घेणारा हिरमुसला होऊन उभा होता. माझ्या विद्यार्थ्यानें कूलंटची टांकी पाहिली, ती भरलेली व स्वच्छ. मोजपट्टीवरचें तेल निर्मळ. त्यानें मालकाला एवढेंच विचारलें कीं, गाडी रोज कोठें जाते? उत्तर मिळालें: देवळापर्यंत. दीड किलोमीटर जाऊन येणाऱ्या इंजिनास नीट तापावयास अवधिच मिळत नाहीं. जळण्यांतून निघालेली वाफ झांकणाखालीं थिजते आणि बाहेर पडत नाहीं. तेल बदलून गाडी दोनदां लांब पल्ल्यास नेली, तेव्हां थर पुन्हां आला नाहीं. कमी धांवलेली गाडी ही सर्वांत चांगली, असें आपण समजतों. माझ्या मतें रोज पंचवीस किलोमीटर धांवून वेळेवर तेल मिळालेलें इंजिन हें दाराशीं झोपून राहिलेल्या इंजिनाहून अधिक भरंवशाचें असतें.

तेलाखालोखाल महत्त्व पाण्याचें. हल्लींच्या इंजिनांचा वरचा भाग ॲल्युमिनियमचा असतो. गाडी एकदां जरी बेसुमार तापली आणि चालकानें तशीच घरापर्यंत दामटली, तरी तो भाग वांकडा होऊं शकतो व मग त्याखालचें हेड गॅस्केट टिकत नाहीं. म्हणून थंड असतांनाच, आणि केवळ थंड असतांनाच, रेडिएटरचें झांकण उघडून पाहावें. तापल्यावर उघडलें तर उकळतें पाणी तोंडावर उडतें. आंत हिरवें, निळें किंवा लाल कूलंट असावें. गंजाच्या रंगाचें पाणी दिसलें तर कोणीतरी वर्षानुवर्षें विहिरीचें क्षारट पाणी ओतलें आहे असें जाणावें. मग गाडी सुरू करून जागेवरच चालूं द्यावी. कांहीं वेळानें पंखा आपोआप फिरूं लागला पाहिजे आणि थोड्या वेळानें आपोआप थांबला पाहिजे. यास धीर लागतो. कित्येक लहान गाड्यांत तापमानाचा कांटा नसून थंडपणाचा निळा व तापाचा लाल असे दोन दिवेच असतात. तांबडा दिवा लागेल तेव्हां पुष्कळदां उशीर झालेला असतो.

दिव्यांवरून आठवलें. किल्ली अर्धी फिरविली कीं इंजिनाच्या चित्राचा पिवळा व तेलाचा तांबडा दिवा लागला पाहिजे, आणि इंजिन सुरू होतांच दोन्ही विझले पाहिजेत. पिवळा दिवा मुळींच लागत नसेल तर तो काढून ठेवला असण्याचा संभव आहे. तेलाचा दिवा तापल्या इंजिनावर लुकलुकत असेल तर ती गाडी फुकट मिळाली तरी महाग.

झडपा वेळेवर उघडझांप करविणारी वस्तु कांहीं इंजिनांत दांतेरी रबरी पट्टा असते, कांहींत साखळी. मारुती ८०० व पहिल्या सँट्रो यांत पट्टा. के-१० व स्विफ्टच्या १२०० घनसेंटिमीटरच्या मालिकेंत साखळी. पट्ट्याची मुदत कंपनीच्या पुस्तिकेंत छापलेली असते. तो तुटला तर गाडी जागच्या जागीं थांबते, आणि पुष्कळ इंजिनांत पिस्टन उघड्या झडपांवर आदळून त्या वांकतात. पट्टा बदलल्याची पावती मिळाली नाहीं तर तो बदललेला नाहीं असें धरून तेवढी रक्कम किंमतींतून वजा मागावी. साखळीस अशी मुदत नसली तरी तिचें आयुष्य तेलावर असतें. थंड सुरुवातीस खळखळणारी साखळी मालकाच्या आळसाची साक्ष देते.

किलोमीटरच्या आकड्यावर मी विश्वास ठेवीत नाहीं. तो मागें फिरवितां येतो. क्लच आणि ब्रेक यांच्या पायट्यांवरचें रबर, चालकाच्या आसनाची बाहेरची कड, सुकाणूच्या चाकाची गुळगुळीत झालेली बाजू, हीं खोटें बोलत नाहींत. चाळीस हजारांच्या आकड्यास गुळगुळीत पायटे शोभत नाहींत. सर्व्हिसच्या पावत्यांवर त्या त्या तारखेचा आकडा असतो. ते चढत गेले आहेत कीं नाहीं, एवढें पाहिलें तरी पुष्कळ झालें.

आपल्या प्रांतांत आणखी एक संकट आहे, तें म्हणजे पुरांत बुडालेली गाडी. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २०१९ च्या ऑगस्टांत कोल्हापूर-सांगलीकडे आठवडाभर पाणी होतें. अशा गाड्या धुऊन, पुसून, दुसऱ्या गांवीं विकावयास नेल्या जातात. पाणी दाबलें जात नाहीं. हवेच्या वाटेनें सिलिंडरांत पाणी शिरलें असतां कोणी किल्ली फिरविली तर पिस्टनाची दांडी वांकते. असें इंजिन कांहीं काळ चालतेंहि, आणि मग एके दिवशीं दांडी बाहेर येते. गालिच्याखालचा गाळ, आसनांच्या रुळांवरचा गंज, स्टेपनीच्या खड्ड्यांतली माती आणि कितीहि अत्तर मारलें तरी न जाणारा कुबट वास, हीं लक्षणें नाकानें व बोटानें शोधावीं.

मग गाडी चालवून पाहावी, आणि जवळ घाट असेल तर घाटांतच. चढावर दुसऱ्या गिअरमध्यें खालून खोल ठकठक आली तर मुख्य दांड्यांचीं बेअरिंगें संपलीं आहेत. वरून येणारी हलकी टिकटिक टॅपेटांची असते व ती सोसण्यासारखी. कात्रज किंवा खंबाटकी उतरतांना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून गाडी गिअरवर येऊं द्यावी आणि पायथ्याशीं एकदम दाबावा. झडपांची वाट सैल असेल तर उतारावर ओढलें गेलेलें तेल त्या क्षणीं निळ्या लोटानें मागें दिसतें. शहरांतल्या दोन चौकांच्या फेरींत हें कधींच दिसत नाहीं.

डिझेलविषयीं थोडक्यांत. एके काळीं स्विफ्ट व इतर लहान गाड्यांत फियाटचें १२४८ घनसेंटिमीटरचें डिझेल इंजिन फार चालले, आणि तें चांगलेंच होतें. पण ज्याचें रोजचें जाणेंयेणें पांच-सहा किलोमीटरचें, त्यानें डिझेलच्या वाटेस जाऊं नये, कारण टर्बो व इंजेक्टर यांची दुरुस्ती पेट्रोलवाल्या गृहस्थाच्या कल्पनेंत न बसणारी असते. सीएनजी बसविलेली गाडी असेल तर त्याची नोंद नोंदणीपत्रांत व टांकीची दर तीन वर्षांची तपासणी झालेली असावी. गॅसवर तेल पुष्कळ दिवस स्वच्छ राहतें, म्हणून तेथें तेलाच्या रंगावरून मुळींच अनुमान करूं नये. तसेंच २०२५ पासून देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळूं लागलें आहे. २०२३ च्या एप्रिलपूर्वीं बनलेल्या गाड्यांच्या रबरी इंधननळ्या व जोड त्या मिश्रणासाठीं बनलेले नसावेत असें धरून त्यांस तडे गेले आहेत काय हें अवश्य पाहावें.

एवढें झाल्यावर, आणि गाडी पसंत पडल्यावरच, आपल्या ओळखीच्या मेकॅनिकास न्यावें. विकणाऱ्याच्या ओळखीच्या नव्हे. त्यास प्रत्येक सिलिंडरांतला दाब मोजावयास सांगावें. आंकडा किती यापेक्षां सर्व सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत कीं नाहीं हें महत्त्वाचें. एक इतरांहून बराच खालीं असेल तर सौदा मोडावा. यास विकणाऱ्यानें नकार दिला, तर मेकॅनिकाची मजुरी न देतांच उत्तर मिळालें असें समजावें.

इंजिनावर कोरलेला क्रमांक नोंदणीपत्रांतल्या क्रमांकाशीं अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षें चालते. पुढें तपासणी करून ती पांच पांच वर्षांनीं वाढवून घ्यावी लागते, तेव्हां चौदा वर्षांच्या गाडीची किंमत ठरवितांना हें ध्यानांत असावें. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५० प्रमाणें विकणाऱ्यानें राज्यांतल्या राज्यांत १४ दिवसांत व घेणाऱ्यानें ३० दिवसांत हस्तांतराची सूचना द्यावयाची असते. गाडी घरीं आल्यावर पहिल्याच आठवड्यांत तेल, फिल्टर, कूलंट, आणि पट्टा असेल तर पट्टा बदलून घ्यावा, व त्या दिवशींची तारीख आणि किलोमीटरचा आकडा एका वहीच्या पहिल्या पानावर लिहून ती वही गाडींतच ठेवावी.