कामाच्या हक्काचे वकील : वि. स. पागे

(पाचगणी येथील अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पाचगणीच्या कड्यावरून खाली कृष्णेचे खोरे आणि धोम धरणाचे पाणी दिसते. येथे पावसाची ददात नाही. परंतु याच सातारा जिल्ह्यातील माण-खटाव आणि शेजारच्या सांगलीतील जत-आटपाडी हे तालुके पिढ्यान् पिढ्या अवर्षणाने गांजलेले. पाऊस हुकला की तेथील शेतमजुराची चूल विझे. या प्रश्नाला कायद्याचे उत्तर शोधणारे वि. स. पागे याच मुलखातले.

पागे कायद्याचे पदवीधर, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेले, संतवाङ्मयाचे व्यासंगी. १९६० ते १९७८ या काळात ते विधान परिषदेचे सभापती होते. ते काँग्रेसचे, परंतु कामाचा हक्क ही कोणा एका पक्षाची मिरास नव्हे.

दुष्काळी कामे इंग्रजी अमदानीतही निघत. पण दुष्काळ पडला की नाही, हे सरकार ठरवी. मग मजुराला खडी फोडावयास मिळे. पागे यांनी हा क्रमच उलटा केला. मजुराने काम मागावे आणि सरकारने ते द्यावे, ही त्यांची मांडणी. तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात तिचा प्रयोग झाला. १९७२ साली ती राज्याची योजना झाली. त्याच दुष्काळात १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे सरकारी कामांवर होती. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागणीनंतर पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता! पैशासाठी शहरी नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. म्हणजे खेड्यातील उपाशी माणसाचे देणे शहराने मान्य केले.

खोटी हजेरीपत्रके आली, मजुरी रखडली, भत्ता तर फार थोड्यांच्या पदरी पडला, हे खरे. २००५ च्या केंद्रीय कायद्याला महाराष्ट्राच्या अनुभवाचा आधार मिळाला. मात्र त्याने कुटुंबामागे वर्षाला १०० दिवसांची हमी दिली. मूळ महाराष्ट्रीय हमीला अशी दिवसांची मर्यादा नव्हती.

कायद्यांची नावे आणि कलमे बदलतात. कसोटी एकच: काम केव्हा सुरू व्हावे हे मजुराची मागणी ठरवते, की सरकारची तिजोरी? तिजोरी ठरवीत असेल, तर ती हमी नव्हे, भिक्षाच होय. पागे यांचे स्मरण करावयाचे असेल, तर मजुराचा अर्ज लिहून द्या आणि त्याची पोच मिळेपर्यंत कचेरीच्या दारातून हलू नका.