धुळीचे पिल्लू



कामगार संघटनेच्या माणसाला व्याख्यानाला बोलावले की तो बोनस आणि महागाईभत्ता यांवरच बोलणार, हे धरून चालतात. आज आम्ही एका हास्यचित्रमालिकेवर बोलणार आहोत. तिच्यात संप नाही, मोर्चा नाही. पण ती वाचताना आम्हांस कारखान्यातली जेवणाची सुट्टी आठवली, म्हणून हा विषय घेतला.

मालिकेचे नाव ‘यूझर फ्रेंडली’, म्हणजे वापरणाऱ्याला सोपे. संगणक विकणाऱ्यांच्या जाहिरातीतला हा लाडका शब्द, आणि मालिकेचा पहिला टोमणा तिच्या नावातच आहे. कॅनडातील जे. डी. फ्रेझर हे गृहस्थ ‘इलियाड’ या टोपणनावाने ती काढीत. पहिले चित्र १७ नोव्हेंबर १९९७ रोजी इंटरनेटवर आले. या वाटेने जाणारे ते काही पहिले नव्हेत. डेव्हिड फार्ले यांचे ‘डॉक्टर फन’ १९९३ सालीच सुरू झाले होते. पण एका धंद्यातल्या नोकरमंडळींनी आपली म्हणून उचलून धरलेली मालिका पाहायची, तर ही पाहावी.

फ्रेझर यांनी त्याआधी ‘डस्ट पपीज’ नावाची मालिका वृत्तपत्रांसाठी करून पाहिली होती. तिकडे हा व्यवहार सिंडिकेट नावाच्या संस्थांच्या हाती असतो. एकच मालिका त्या अनेक वृत्तपत्रांना पुरवितात. साहजिकच, सर्वांना कळेल आणि कोणाला टोचणार नाही अशीच त्यांना हवी. सहा सिंडिकेटांनी फ्रेझरना नकार दिला. पुढे १९९७ साली इंटरनेटची जोडणी पुरविणाऱ्या एका कंपनीत नोकरी करीत असता त्यांनी पुन्हा चित्रे काढली, आणि या खेपेस कोणाची परवानगी मागितली नाही. कारखान्याच्या फाटकाजवळ भित्तिपत्रक लावणाऱ्याला यातले मर्म समजावून सांगावे लागत नाही. भित्तिपत्रक शंभर गावांत खपवायचे नसते. त्यात मुकादमाचे नुसते नाव लिहिले तरी वाचणारा हसतो, कारण मुकादम त्याने पाहिलेला असतो.

मालिका घडते ‘कोलंबिया इंटरनेट’ नावाच्या काल्पनिक कंपनीत. ग्रेग हा दूरध्वनीवरून गिऱ्हाइकांच्या अडचणी सोडवितो. पिटर सर्व्हर सांभाळतो. आपण दुष्ट प्रतिभावंत व्हायचे असे तो एके दिवशी ठरवितो, आणि त्यासाठी स्लाव्ह लोकांच्या धाटणीचे खोटेच उच्चार काढू लागतो. स्टेफ हा विक्री खात्याचा, म्हणून तंत्रज्ञांचा हक्काचा बकरा. आणि या सर्वांत लाडके ते ‘डस्ट पपी’, धुळीचे पिल्लू. सर्व्हरच्या पोटात साचलेल्या धूळकचऱ्यातून ते जन्मले : एक केसाळ गोळा, दोन डोळे, दोन पाय आणि दात दाखवणारे हसू. साफसफाई न झालेल्या यंत्रातून देवबाप्पा निघावा अशी ही कल्पना आम्हांस फार आवडली. ज्याने यंत्राचे झाकण उघडून आतली धूळ खाल्ली आहे त्यालाच ती सुचावी.

आता विनोदाकडे वळू. दूरध्वनीवर बसणाऱ्या या मंडळींत त्या काळी एक किस्सा फिरत असे. गिऱ्हाईक तक्रार करते, “संगणकाची पेला ठेवायची फळी मोडली.” चौकशीअंती कळते की तबकडी घालण्यासाठी बाहेर येणाऱ्या खणावर तो पेला ठेवीत होता. ‘यूझर फ्रेंडली’तली पुष्कळ चित्रे याच जातीची आहेत. हसू येते, आम्हांसही आले. पण संघटनेत आयुष्य गेलेल्या माणसाला पुढचा प्रश्न पडतो : हा मार कोणाच्या पाठीवर पडला? पेला ठेवणाराही कुठल्यातरी कचेरीतला कारकून असेल. ‘कोणालाही जमेल इतके सोपे’ असे त्याला सांगूनच यंत्र त्याच्या गळ्यात मारले. सांगणारा विक्री खात्यातला. कमिशन घेऊन तो मोकळा झाला. त्याने दिलेला शब्द निभवायची पाळी आली ग्रेगवर, ज्याने तो दिलाच नव्हता. दोन टोकांना दोन नोकर एकमेकांवर चिडलेले, आणि मधली तार मालकाची!

फ्रेझर यांना हे उमगत नव्हते असे नाही. नाव पाहा, स्टेफची फजिती पाहा. ज्या दिवशी चित्र त्या बाजूला वळते त्या दिवशी ते अस्सल उतरते. उरलेल्या दिवशी अडाणी गिऱ्हाईक हाताशी असतेच, आणि रोज एक चित्र द्यायचे म्हणजे हाताशी असेल तेच घ्यावे लागते.

या रोजच्या रतिबानेच पुढे घात केला. ‘ओरायली’ या संगणकग्रंथांच्या प्रकाशकांनी १९९९ साली मालिकेचे पहिले पुस्तक काढले, मागून आणखी आली. परंतु २००९ साली वाचकांनी दाखवून दिले की काही चित्रांतली शेवटची मार्मिक वाक्ये इतरांनी आधीच लिहिलेली आहेत. ती परवानगीवाचून घेतल्याचे फ्रेझर यांनी कबूल केले व क्षमा मागितली. आम्ही या प्रकरणी त्यांची बाजू घेणार नाही. जेवणाच्या सुट्टीतला विनोद सर्वांचा असतो हे खरे; एकाने टाकला, दुसऱ्याने वाढविला, तिसऱ्याच्या नावावर गेला, कोणी हिशेब ठेवीत नाही. पण त्याखाली सही करून पुस्तके विकायची ठरल्यावर हिशेब ठेवावा लागतो. दहा जणांच्या कामावर एकाची सही, हा प्रकार आम्ही हजेरीपटावर पुष्कळ पाहिला आहे.

मालिकेचे संकेतस्थळ २०२२ साली बंद पडले. सुरुवातीची चित्रे १९९९ च्या त्या पहिल्या पुस्तकात आहेत. इंग्रजी अवघड नाही. आम्ही शेजारी कोश ठेवून वाचले, पण तो उघडावा लागला तो बहुतेक यंत्रांच्या नावांसाठी.