नक्षे, नक्षी आणि बाप्पाची सोंड

(औराद येथे मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे ‘गणितातून चित्रकला’ असं छापलं आहे. ते वाचून काल एका काकांनी विचारलं, “आरतीच्या आधी गणित कशाला? बाप्पा तरी थांबेल का?” थांबेल. कारण विषय त्याचाच आहे.

मंडळाच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी दहावीच्या मुलांची मोफत शिकवणी चालते, हे आपल्याला माहीत आहे. ती आम्ही तिघे घेतो. तिघेही राज्य सरकारच्या नोकरीत, तिघेही डिप्लोमावाले. गणिताचा पदवीधर आमच्यात एकही नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे काही चुकलं तर सांभाळून घ्याल.

या शिकवणीत गेल्या वर्षी एक मुलगा आला. सातवीपर्यंत मराठी माध्यम, आठवीपासून कन्नड. आपल्या भागातल्या किती घरांत असंच आहे! चाचणी परीक्षेत त्याला दोन समीकरणं ‘नक्षे’ काढून सोडवायला सांगितली होती. कन्नडात नकाशाही नक्षे आणि आलेखही नक्षे. पोरानं जीव ओतून कर्नाटकाचा नकाशा काढला. वरच्या टोकाला बीदर, त्यातही औराद ठिपका देऊन दाखवलं. मार्क शून्य. वर्ग हसला, ते वेगळंच. वडिलांनी ठरवून टाकलं होतं, दहावीत अडकला तर हैदराबादला मामाच्या दुकानात पाठवायचा. आम्ही त्याची वही पाहिली. समीकरणं हातानं बरोबर सोडवत होता. अडला होता तो एका शब्दावर.

त्या दिवशी घरी जाताना आम्ही तिघे त्या शब्दावरच बोलत राहिलो. कन्नडातलं नक्षे, आपला नकाशा आणि आपली नक्षी ही सगळी एकाच फारसी-अरबी घराण्यातली. नक्षी म्हटली की बीदरच्या माणसाला आणखी काय आठवणार? बिदरी. जस्तात थोडं तांबं घालून ओतलेलं भांडं, मोरचुदाच्या पाण्यानं काळसर केलेला त्याचा पृष्ठभाग, त्यावर टोकदार सळईनं ओढलेली नक्षी, मग छिन्नीनं खोदून त्यात ठोकून बसवलेली चांदीची तार. शेवटी किल्ल्यातली माती नवसागरात कालवून चोळली की धातू काळाकुट्ट होतो आणि चांदी तशीच पांढरी राहते. याच कलेसाठी २०२३ साली बीदरच्या शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. कारागीर वेल काढतो तेव्हा एक फांदी जेवढी उजवीकडे वळते तेवढीच दुसरी डावीकडे वळवतो. महमूद गावानच्या १४७२ च्या मदरशाचा उरलेला मनोरा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. त्यावरच्या फरशांची नागमोडी पट्टी म्हणजे वर जाणारी रेघ, खाली येणारी रेघ, पुन्हा वर. दहावीचा मुलगा तिचं समीकरण मांडू शकतो. तेव्हा आम्ही ठरवलं, या पोराला आलेख म्हणजे नक्षीच आहे असं दाखवायचं, आणि नक्षी काढायची तर गणपतीची.

मुलं शाळेत आलेख काढतात म्हणजे काय करतात? टेबल करतात, चार बिंदू घेतात, पट्टी ठेवून रेघ मारतात, कोपऱ्यात प्रमाण लिहितात आणि पान उलटतात. त्या रेघेचं पुढे काय होतं, याच्याशी कोणाला देणंघेणं नसतं. फ्रान्सच्या देकार्तनं १६३७ साली भूमिती आणि बीजगणित यांची गाठ बांधणारं पुस्तक छापलं, तेव्हा आपले शिवाजी महाराज सात वर्षांचे होते. समीकरण लिहिलं की आकार दिसतो आणि आकार पाहिला की समीकरण लिहिता येतं, एवढी मोठी ती गाठ. आमच्या वर्गात ती फक्त प्रमाण लिहिण्यापुरती उरली होती.

चेहरा सोपा वाटला. आरंभबिंदूभोवती त्रिज्या ३ चं वर्तुळ. पण आमची अट होती की प्रत्येक रेघ फलनाची हवी, म्हणजे क्षची एक किंमत दिली की यची एकच किंमत निघाली पाहिजे. वर्तुळात उभी पट्टी धरली की ती दोन ठिकाणी कापते. एका मुलीनं लगेच सांगितलं, “मग दोन तुकडे करू.” वरचा अर्धा य = √(९ − क्ष²), खालचा त्याचाच ऋण. क्ष २ असताना य साधारण २.२४ येतो, हे मुलांनी कॅल्क्युलेटर न घेता काढलं. फलनाची व्याख्या आम्ही डिप्लोमात पाठ केली होती. ती कशासाठी आहे, हे त्या मुलीमुळे कळलं.

कान आडवे हवेत, तिथे यवरून क्ष काढायचा ठरला. एका बाजूला क्ष = ६ − य², दुसऱ्या बाजूला क्ष = य² − ६. ही वक्ररेषा म्हणजे अन्वस्त. इथे आमच्यापैकी बांधकाम खात्यातल्याला हसू आलं. रस्त्याचा चढ संपून उतार लागतो तिथे दोन सरळ उतार एकदम जोडत नाहीत, मध्ये अन्वस्त घालतात, नाहीतर गाडी उडते आणि समोरचं वाहन दिसत नाही. वीस वर्षं आम्ही त्या खुंट्या ठोकतो आहोत. ती आणि गणपतीच्या कानाची रेघ एकाच जातीची, हे कधी मनात आलं नव्हतं.

दातांना सरळ रेघा. एक क्ष १ पासून ३ पर्यंत जाते, दुसरी वाटेतच थांबते. एकदंत! मर्यादा लिहायला मुलं नेहमी कंटाळतात. त्या दिवसापासून कोणी विसरलं नाही.

सोंड त्या नकाशावाल्या मुलाकडे दिली होती. डाव्या सोंडेचा गणपती करायचा, आणि आरंभबिंदूच्या डावीकडे क्ष ऋण असतो, म्हणून त्यानं घेतलं क्ष = −¼य². य शून्य असताना क्ष शून्य, य −२ असताना क्ष −१, य −४ असताना क्ष −४. सोंड आधी सरळ खाली उतरते आणि मग झोकदार बाहेर वळते. सुरेख जमलं. फक्त मर्यादा लिहायची राहिली, त्यामुळे अन्वस्ताचा दुसरा हात कपाळातून वरही गेला. बाप्पाला दोन सोंडा! या वेळी वर्ग हसला आणि तोही हसला.

दुसऱ्या रविवारी त्याची आजी त्याला न्यायला आली. कागदाकडे बघून म्हणाली, “अरे, हा तर उजव्या सोंडेचा. याचं सोवळं कोण पाळणार?” मुलगा म्हणाला, “आजी, डावीकडेच आहे की.” “तुझ्या डावीकडे. देव तुझ्याकडे तोंड करून बसलाय ना रे!” आम्ही तिघेही गप्प. हे आमच्याही लक्षात आलं नव्हतं. पोरानं खोडरबर घेतलं, चौथाईमागचं ऋण चिन्ह तेवढं पुसलं आणि टेबल पुन्हा केलं. यच्या किमती जशाच्या तशा, क्षचं फक्त चिन्ह बदललं. सोंड या बाजूची त्या बाजूला. आजी म्हणाली, “एवढ्याशा रेघेनं?” मग ती खाली बसली आणि पंधरा ते आठ ठिपक्यांची रांगोळी आम्हाला मांडून दाखवू लागली. सगळे ठिपके १६९, म्हणजे बरोबर तेराचा वर्ग. श्रेढीचा तो हिशेब मुलांनी तिथल्या तिथे केला. आजी शाळेत गेलेली नाही.

कोणी म्हणेल, हे सगळं मोबाईलवर होतं. होतं, आणि छान होतं. ऑस्ट्रियाच्या मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली सुरू केलेलं जिओजेब्रा फुकट मिळतं. समीकरण लिहिलं की वक्ररेषा हजर. आम्हीही पुढे ते दाखवतो. पण आधी कागद. मोबाईलवर मुलं आकडा सरकवत बसतात आणि चित्र जमलं की थांबतात, का जमलं ते विचारत नाहीत. ऋण चिन्ह स्वतःच्या हातानं पुसलेलं पोर ते विसरत नाही, असा आमचा अनुभव. तो चुकीचाही असेल.

त्या मुलाचं सगळं ठीक झालं, असं सांगायला आम्हाला आवडलं असतं. सहामाहीत आलेखाचा प्रश्न पूर्ण बरोबर आला. शाब्दिक उदाहरणं अजून अडतात, कारण ती कन्नडात वाचून मराठीत समजून पुन्हा कन्नडात लिहावी लागतात आणि तोवर घंटा होते. आता आम्ही प्रत्येक शब्द फळ्यावर दोन्ही भाषांत लिहितो. कन्नड नीट येणारा चौथा माणूस आम्हाला हवा आहे. आपल्यापैकी बऱ्याच घरांतल्या सुना तिकडच्या आहेत, त्यांनी मनावर घेतलं तर रविवारचे दोन तास पुरेत. वडिलांनी हैदराबादचं अजून सोडलेलं नाही, निकालापर्यंत थांबतो म्हणाले आहेत.

तो आलेख मंडपात प्रवेशद्वाराच्या खांबावर लावला आहे. विसर्जनाला तोही न्यायचा का, यावर मुलांची दोन दिवस भांडणं झाली. शेवटी ठरलं की न्यायचा नाही, समीकरणं वहीत आहेत, पण कागद एकच आहे. आरतीनंतर तिथे थांबा. सोंड कोणत्या बाजूची ते आधी देवाकडून पाहा, मग आपल्याकडून. मुलं कोरा आलेख कागद आणि पेन्सिल घेऊन उभी आहेत, उंदीर अजून कोणालाच जमलेला नाही.